सदुसष्ट घरांची संख्या

आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणून एक संख्या निवडली आहे. गणिताच्या एखाद्या शाखेचा इतिहास सांगावा किंवा थोर गणितज्ञांची चरित्रे सांगावीत ही नेहमीची रीत. ती सोडून एकाच संख्येभोवती तासभर बसावे असे तिच्यात काय आहे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी तिची ओळख करून घेऊ. ती संख्या अशी:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

ही एकवीस अंकी संख्या आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी दसपटीने वाढत जाणाऱ्या स्थानांची नावे दिली आहेत. ती यादी परार्धाशी संपते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या परार्धाच्या चौदाशे पंचाहत्तर पटींहूनही मोठी आहे. म्हणजे ती कशी वाचावी याला जुन्या यादीत स्वतंत्र नावच नाही.

या संख्येविषयी आपण दोनच प्रश्न विचारणार आहोत. पहिला: ही संख्या मूळ आहे की संयुक्त? ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या अशा संख्या. बाकीच्या सर्व संख्या, म्हणजे १५ किंवा ९१ यांसारख्या, लहान संख्यांच्या गुणाकाराने तयार होतात, म्हणून त्या संयुक्त. (एक ही संख्या दोन्हीतही धरीत नाहीत.) दुसरा प्रश्न: संयुक्त असेल तर तिचे अवयव कोणते?

शाळेत आपल्याला हे दोन प्रश्न एकच वाटतात. ९१ मूळ आहे का, असे गुरुजींनी विचारले की आपण ३ने, ५ने, ७ने भागून पाहतो. ७ने भाग जातो, १३ उरतात. अवयव सापडले आणि संख्या संयुक्त आहे हेही कळले. दोन्ही उत्तरे एकाच वेळी हाती येतात. पण संख्या मोठी झाली की हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूर जातात, आणि इतके दूर जातात की आपल्या या एकवीस अंकी संख्येच्या बाबतीत पहिल्या उत्तरानंतर दुसरे मिळायला सत्तावीस वर्षे लागली. या दोन उत्तरांमधील अंतर हाच आजचा खरा विषय आहे. ते केवळ गणितज्ञांच्या कौतुकाचे अंतर नाही. आज आपल्या बँकेचे व्यवहार आणि खाजगी संदेश पुष्कळ ठिकाणी त्याच अंतराच्या भरवशावर सुरक्षित राहतात.

पटावरचे दाणे

ही संख्या कोठून आली ते पाहू. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. राजाने बक्षीस माग म्हटले, तेव्हा बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्याने पहिल्या घरासाठी एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, असे दर घराला दुप्पट दाणे मागितले. राजा हसला, आणि त्याची कोठारे रिकामी झाली तरी मागणी पुरी होईना. गोष्ट दंतकथा असेल, पण हिशेब खरा आहे. एका घराचा एक दाणा. दोन घरांचे मिळून तीन. तीन घरांचे सात. चार घरांचे पंधरा. दरवेळी बेरीज पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा एकाने कमी भरते. गणिताच्या भाषेत, जितकी घरे तितक्या वेळा दोनांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा. पटाला चौसष्टांऐवजी सदुसष्ट घरे असती तर दाण्यांची बेरीज नेमकी आपली एकवीस अंकी संख्या आली असती. दोनाचा सदुसष्टावा घात उणे एक, हेच तिचे खरे नाव.

आता चौसष्ट घरांचीच बेरीज घ्या. ती वीस अंकी आहे, पण तिचे अवयव पाडायला बुद्धी ताणावी लागत नाही. पटावर आठ-आठ घरांच्या आठ ओळी असतात. पहिल्या ओळीत २५५ दाणे. दुसऱ्या ओळीतील प्रत्येक घरात त्याच्या वरच्या घराच्या २५६ पट दाणे, म्हणून दुसऱ्या ओळीची बेरीज २५५च्या २५६ पट. तिसरीची त्याच्याही २५६ पट. सर्व ओळी २५५च्या पटीत आहेत, तेव्हा साऱ्या पटाच्या बेरजेला २५५ने भाग जाणारच. म्हणजे ३ने, ५ने आणि १७नेही जाणार. जेथे घरांच्या सारख्या ओळी पाडता येतात, तेथे दाण्यांची संख्या संयुक्त असते.

पण सदुसष्ट घरांच्या सारख्या ओळी पाडता येत नाहीत, कारण ६७ ही स्वतःच मूळ संख्या आहे. तेव्हा ही वाट बंद झाली. मग घरे मूळ संख्येइतकी असली की दाणेही मूळ संख्येइतके असतात काय? २, ३, ५, ७ घरे घेतली तर बेरजा ३, ७, ३१, १२७ येतात आणि त्या चारही मूळ आहेत. मन लगेच नियम बांधू पाहते. पण अकरा घरांशी नियम मोडतो. अकरा घरांचे दाणे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. ही गोष्ट १५३६ साली छापलेल्या एका ग्रंथात दाखवलेली आहे. हा २०४७चा लहान नमुना आपल्याला पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मर्सेनची यादी

पॅरिसमध्ये मारें मर्सेन नावाचा एक धर्मोपदेशक होऊन गेला. त्याचा काळ १५८८ ते १६४८. युरोपातील गणितज्ञांशी त्याचा मोठा पत्रव्यवहार होता. एकाचा शोध दुसऱ्याला कळवण्याचे काम त्याने जन्मभर केले. १६४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने एक विधान केले. घरांची संख्या २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ किंवा २५७ असेल तर दाण्यांची बेरीज मूळ संख्या होते, आणि २५७च्या आतील दुसऱ्या कोणत्याही संख्येला होत नाही, असे ते विधान. हे त्याने कसे ठरवले ते त्याने सांगितले नाही. २५७ घरांची संख्या तर अठ्ठ्याहत्तर अंकी आहे. ती सतराव्या शतकात भागून पाहणे कोणालाही शक्य नव्हते.

या संख्यांची एवढी उत्सुकता का होती, हेही सांगायला हवे. ६ या संख्येला १, २ आणि ३ यांनी भाग जातो, आणि त्यांची बेरीज पुन्हा ६ होते. २८चेही तसेच आहे. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. दाण्यांची बेरीज मूळ असेल तर तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे म्हणजे परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने ग्रीक काळातच सिद्ध केले होते. दोन घरे घ्या: तीन गुणिले दोन, सहा. तीन घरे घ्या: सात गुणिले चार, अठ्ठावीस. म्हणून मर्सेनची यादी ही परिपूर्ण संख्यांचीही यादी होती.

तिचा पूर्ण पडताळा व्हायला तीनशे वर्षे गेली. ऑयलरने १७७२ साली ३१ घरांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. पुढे असे आढळले की, मर्सेनने ६१, ८९ आणि १०७ या तीन संख्या गाळल्या होत्या, आणि ६७ व २५७ या दोन चुकून घातल्या होत्या. १९४७पर्यंत २५७च्या आतील सर्व घरांचा निकाल लागला. एकंदर पाच चुका झाल्या. तरी या संख्यांना आजही मर्सेनच्याच नावाने ओळखतात, आणि ते योग्यच आहे. कारण अचूक प्रश्न विचारणाऱ्याचेही ऋण असते.

अवयव न सांगणारी कसोटी

यादीतील ६७ चुकीची आहे हे कसे कळले? येथूनच आपल्या दोन प्रश्नांच्या वाटा वेगळ्या होतात.

गुणाकार तपासण्याची एक जुनी रीत आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. संख्येतील अंकांची बेरीज करीत जायचे आणि नऊ नऊ टाकायचे. समजा, कोणी ४७ गुणिले ३६ यांचे उत्तर १६८२ लिहिले. ३६चे अंक मिळून नऊ, म्हणजे टाकल्यावर शून्य. तेव्हा उत्तरातही शून्य उरायला हवे. पण १६८२च्या अंकांची बेरीज १७, तिची पुन्हा ८. उत्तर चुकले हे निश्चित झाले. मात्र चूक कोठे झाली, हातचा कोणता राहिला, हे ही कसोटी सांगत नाही. दोष आहे हे कळणे आणि दोष कोठे आहे हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्रेंच गणितज्ञ एद्वार लुकास याने १८७६ साली मर्सेनच्या संख्यांसाठी अशीच एक कसोटी वापरली. पुढे अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेमर याने १९३०च्या सुमारास तिला जे सुटसुटीत रूप दिले ते असे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, आलेल्या संख्येला आपल्या संख्येने भागा आणि फक्त बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घरांपेक्षा एकाने कमी इतक्या संख्यांची अशी माळ तयार करा. शेवटचा मणी शून्य आला तर संख्या मूळ. नाही आला तर संयुक्त. नऊ टाकण्याच्या रीतीत चूक कधी निसटूनही जाते. या कसोटीचा निकाल मात्र दोन्ही बाजूंनी पक्का असतो.

पाच घरे, म्हणजे ३१, घेऊन पाहा. पहिला मणी ४. त्याचा वर्ग १६, उणे दोन १४. १४चा वर्ग १९६, उणे दोन १९४; ३१ने भागून बाकी ८. आठाचा वर्ग ६४, उणे दोन ६२; ३१ने भागून बाकी शून्य. चौथा मणी शून्य आला, म्हणून ३१ मूळ आहे.

आता अकरा घरे, २०४७. माळ अशी येते: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. दहावा मणी १७३६, शून्य नव्हे. तेव्हा २०४७ संयुक्त आहे, यात तिळमात्र शंका नाही. पण ही माळ पुन्हा एकदा पाहा. तिच्यात २३ कोठे आहेत? ८९ कोठे आहेत? त्यांचा मागमूसही नाही. संख्या फुटते एवढे कसोटी सांगते. ती कोठे फुटते याविषयी ती मौन पाळते.

लुकासने आपल्या रीतीने दोन मोठे निकाल दिले. १२७ घरांची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे, हा एक. त्यानंतर १९५१पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणालाही ठाऊक नव्हती. दुसरा निकाल असा की, ६७ घरांची संख्या, म्हणजे आपली आजची संख्या, संयुक्त आहे. मर्सेनचे विधान खोटे ठरले. पण संख्येचा एकही अवयव जगात कोणाला माहीत नव्हता.

एक न बोललेले व्याख्यान

भागून का पाहू नये, असे वाटेल. तर त्याचा हिशेब करू. संख्येचा लहान अवयव तिच्या वर्गमूळाच्या आत असतो. आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १,२१५ कोटी. सेकंदाला एक भागाकार या वेगाने रात्रंदिवस काम केले तरी तेथवर पोहोचायला सुमारे ३८५ वर्षे लागतील.

सुदैवाने गणितज्ञांच्या हाती काही आडवाटा होत्या. घरांची संख्या मूळ असेल, तर दाण्यांच्या संख्येचा प्रत्येक अवयव घरांच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून तयार झालेला असतो. अकरांची दुप्पट बावीस. तेवीस म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे बावीस चोक ८८ अधिक १. सदुसष्टांची दुप्पट १३४, तेव्हा अवयवाला १३४ने भागले तर एकच बाकी उरली पाहिजे. शिवाय त्याला ८ने भागल्यास बाकी एक किंवा सात उरली पाहिजे. इतके सगळे गाळूनही, लहान अवयवापर्यंत तपासायचे उमेदवार सात लाखांवर उरतात. प्रत्येकाने एकवीस अंकी संख्येला हाताने भागायचे!

हे काम फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन प्राध्यापकाने अंगावर घेतले. तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवीत असे आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा दीर्घकाळ चिटणीस होता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी त्या सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत त्याचा निबंध होता. ई. टी. बेल या गणितज्ञ लेखकाने त्या प्रसंगाची हकिकत लिहून ठेवली आहे. मितभाषी कोल फळ्यापाशी गेला आणि काही न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात मांडू लागला. त्यातून त्याने एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर त्याने दोन संख्यांचा गुणाकार सुरू केला:

१९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७.

दोन्ही उत्तरे अंकाला अंक जुळली. खडू ठेवून कोल एकही शब्द न उच्चारता जागेवर जाऊन बसला, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला किती काळ लागला, असे बेलने त्याला पुढे १९११ साली विचारले. तेव्हा कोलने तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर दिले. बेलला हकिकती रंगवून सांगण्याची हौस होती, तेव्हा प्रसंगाच्या तपशिलात थोडा रंग त्याचाही असू शकेल. पण दोन संख्यांचा गुणाकार कोणाच्याही रंगावर अवलंबून नाही.

या प्रसंगात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी. शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले. पटवायला एक फळा पुरला. नऊ अंकी संख्येला बारा अंकी संख्येने गुणायचे, म्हणजे पाढ्यांतील १०८ लहान गुणाकार आणि त्यांची बेरीज. चौथी-पाचवीतील चिकाटीचा मुलगाही ते करील. उत्तर मिळवणे आणि मिळालेले उत्तर तपासणे यांच्या श्रमांत किती तफावत असू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

वर्गांची युक्ती

तीन वर्षांत सुमारे १५६ रविवार येतात. नुसते भागाकारच करायचे, तर दर रविवारी साडेचार हजारांहून अधिक करावे लागतील. ते माणसाच्या हातून होणारे नाही. कोलने वर्गसंख्यांच्या गुणधर्मांचा आधार घेतला. त्यामागची मूळ युक्ती सतराव्या शतकातील फर्माची आहे, आणि ती आपल्या २०४७वर करून पाहता येते.

दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी, हे सूत्र आपण शाळेत पाठ केलेले असते. तेव्हा २०४७ ही दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता आली, की अवयव आपोआप मिळाले. ४६चा वर्ग २११६. त्यातून २०४७ वजा केले तर ६९ उरतात, तो वर्ग नव्हे. ४७ने १६२ उरतात, ४८ने २५७. असे जात जात ५६पाशी ३१३६ वजा २०४७ म्हणजे १०८९ उरतात, आणि १०८९ हा ३३चा वर्ग आहे! मग अवयव ५६ उणे ३३, म्हणजे २३, आणि ५६ अधिक ३३, म्हणजे ८९.

आता यातील काटकसर पाहा. कोणत्याही वर्गाच्या एकं स्थानी २, ३, ७ किंवा ८ कधी येत नाही. ४६ ते ५६ या अकरा प्रयत्नांत आलेल्या वजाबाक्यांपैकी १६२, २५७, ४५३, ६५७, ७६२ आणि ९७८ या सहा नुसत्या शेवटच्या अंकावरूनच बाद होतात. त्यांचे वर्गमूळ काढण्याची गरजच नाही. धान्य चाळावे तशी ही चाळणी आहे. एकाखाली एक अशा अनेक चाळण्या लावल्या, की मोठा ढीग मूठभर उरतो. आपल्या एकवीस अंकी संख्येला फर्माची युक्ती तशीच लावली असती तर सुमारे छत्तीस हजार नऊशे कोटी प्रयत्न करावे लागले असते. चाळण्यांखेरीज तरणोपाय नव्हता. आज साधा संगणक हेच काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. पण त्याच्या पोटातील सर्वांत प्रबळ रीतीही वर्गांच्या वजाबाकीवर आणि चाळण्यांवरच उभ्या आहेत.

अज्ञानाचे कुलूप

संगणकाने हे अंतर संपवले काय? नाही, त्याने ते अधिक मोठ्या संख्यांकडे ढकलले. आणि १९७७ साली या अंतराचाच कोणी उपयोग करून घेतला. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील तिघांनी गुप्त संदेशाची एक रीत मांडली. (ब्रिटनच्या गुप्त लेखन खात्यात क्लिफर्ड कॉक्स याला अशीच रीत १९७३ साली सुचली होती, पण ती पुष्कळ वर्षे गुप्त ठेवण्यात आली.)

खटका दाबून लावायचे कुलूप आपण पाहतो. ते लावायला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र लागते. तसे कुलूप संख्यांचे करायचे. लहान नमुना घेऊ. दुकानदार जगाला ३३ आणि ३ या दोन संख्या जाहीर करतो. आपल्याला त्याला ४ हा अंक गुप्तपणे कळवायचा आहे. चाराचा घन ६४. ३३ने भागून बाकी ३१. आपण ३१ पाठवतो. दुकानदाराकडे किल्ली आहे ७. तो ३१चा सातवा घात करून ३३ने भागतो, बाकी ४ उरते, आणि संदेश त्याला मिळतो. ही ७ची किल्ली त्याने कशी बनवली? ३३चे अवयव ३ आणि ११. त्यांतून एकेक वजा करून गुणले की २० येतात. तीन साते एकवीस, म्हणजे विसांवर एक. म्हणून तिनाच्या कुलपाला साताची किल्ली. ज्याला ३३चे अवयव माहीत नाहीत त्याला २० मिळत नाहीत, आणि २० नाहीत तर किल्लीही नाही.

तेहेतिसांचे अवयव कोणीही पाडील. पण त्या जागी दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार ठेवला तर? १९७७च्या ऑगस्टमध्ये अशी १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून जाहीर झाली. तिचे अवयव पाडायला चार कोटी अब्ज वर्षे लागतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात सतरा वर्षांनी, एप्रिल १९९४मध्ये, ते सापडले. जगभरच्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांचे संगणक आठ महिने त्यावर राबत होते, आणि रीत होती वर्गांच्या चाळणीची. फेब्रुवारी २०२०मध्ये अडीचशे अंकी संख्येचेही अवयव पडले. म्हणून आता कुलपासाठी सहाशेहून अधिक अंकांची संख्या वापरतात.

कुलूप घडवायला मोठमोठ्या मूळ संख्या लागतात, आणि त्या ओळखण्याच्या कसोट्या झटपट चालतात. या बाजूचा एक मोठा निकाल भारतातला आहे. ऑगस्ट २००२मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिले की, कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे नेहमीच, अचूकपणे आणि आटोपशीर वेळात ठरवता येते. संख्येचे अंक वाढले तरी त्या प्रमाणात श्रम भलतेच भडकत नाहीत. हा निकाल पहिल्या प्रश्नाचा आहे. त्यांची कसोटीही लुकासच्या माळेप्रमाणे अवयवांविषयी मौनच पाळते.

दुसऱ्या प्रश्नाचे काय? अवयव पाडणे खरोखरच कठीण आहे, असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. सोपी रीत सापडलेली नाही, एवढेच आपण म्हणू शकतो. शिवाय १९९४ साली पीटर शोर याने दाखवले की, पुंजयामिकीच्या तत्त्वांवर चालणारा पुरेसा मोठा संगणक तयार झाला तर तो अवयव झपाट्याने पाडील. तसा संगणक अजून झालेला नाही. पण तो होईल या धास्तीने दुसऱ्या जातीची कुलपे घडवण्याचे काम सुरू झाले आहे. आपल्या तिजोरीचा भरवसा मानवजातीच्या एका अज्ञानावर आहे, आणि ते अज्ञान किती टिकेल याची हमी कोणी दिलेली नाही. नागरिकांनी हे जाणून असणे बरे.

इकडे मर्सेनच्या वंशात कोलच्या वाट्याला आला तसा प्रश्न अजून शिल्लक आहे. १२७९ घरांची संख्या मूळ असल्याचे १९५२ साली संगणकाने सिद्ध केले. तिच्या शेजारची १२७७ घरांची संख्या घ्या. ती ३८५ अंकी आहे. ती संयुक्त आहे हे निश्चित ठरलेले आहे. पण हे लिहीपर्यंत तिचा एकही अवयव कोणाला सापडलेला नाही. १८७६नंतर आपली सदुसष्ट घरांची संख्या जेथे उभी होती, तेथेच ती आज उभी आहे.

ज्यांना घरी जाऊन थोडा हिशेब करावासा वाटेल त्यांच्यासाठी एक काम सांगतो. तेवीस घरांच्या पटावर ८३,८८,६०७ दाणे मावतात. ही संख्याही मर्सेनच्या यादीत नाही. तेविसांची दुप्पट ४६, त्यात एक मिळवला की ४७. या पहिल्याच उमेदवाराने भागून पाहा. कागदाचे अर्धे पान पुरेल. सदुसष्ट घरांच्या बाबतीत असा उमेदवार पहिला नव्हता, दुसरा नव्हता. १३४ची १४,४५,५८०वी पट घेऊन तिच्यात एक मिळवावा, तेव्हा कोलचा लहान अवयव येतो.